डोळे फिरणे : एक वाक्प्रचार आणि एक विसरलेली साथ

१

मराठीत 'डोळे फिरणे' हा शब्दप्रयोग दोन अगदी वेगळ्या प्रसंगी ऐकू येतो. अंगात माज आलेल्या, वडीलधाऱ्यांना न जुमानणाऱ्या मुलाविषयी 'याचे डोळे फिरले आहेत' असे म्हटले जाते. आणि तापाने फणफणलेल्या मुलाला आकडी आली, बुबुळे वर जाऊन नुसते पांढरे दिसू लागले, की घरातली म्हातारी घाबरून म्हणते, 'पोरानं डोळे फिरवले.' पहिल्या ठिकाणी डोळे स्वभावाची खूण सांगतात, दुसऱ्या ठिकाणी देहाची. पहिल्यावर उपाय म्हणून धपाटा मिळतो, दुसऱ्यासाठी वैद्याकडे धाव घेतली जाते. एरवी या दोन अर्थांत कोणाची गल्लत होत नाही. प्रसंगच अर्थ ठरवतो.

परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत जगातून एक रोग असा फिरून गेला की ज्यात मुलांचे आणि तरुणांचे डोळे या दोन्ही अर्थांनी फिरले, आणि त्यांपैकी कोणता अर्थ खरा मानावा हे डॉक्टरांना, शिक्षकांना, न्यायाधीशांना आणि आईबापांना पुष्कळ काळ ठरवता आले नाही. त्या रोगाचे नाव एन्सेफलायटिस लेथार्जिका. म्हणजे ग्लानी आणणारा मस्तिष्कदाह. इंग्लंडमधले लोक त्याला 'झोपेचे दुखणे' म्हणत. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाशी त्याचा काही संबंध नाही. या साथीत किती माणसे सापडली याचे अंदाज काही लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत केले गेले आहेत. साधारणपणे एक तृतीयांश रुग्ण दगावले असे मानले जाते. जे जगले त्यांतल्या अनेकांचा पुढचा जन्म रोगाच्या सावलीतच गेला.

साहित्याला वाहिलेल्या पानांवर हा इतिहास कशासाठी, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की या इतिहासाच्या गाभ्याशी जो प्रश्न आहे तो वाचनाचाच आहे. चिन्हाचा अर्थ लावणे हे आपणां साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे नित्याचे काम. अर्थ लावण्याची ही सवय कोठे उपयोगी पडते आणि कोठे ती अपायकारक ठरते, हे या रोगाइतक्या स्पष्टपणे फार थोड्या गोष्टी दाखवतात.

२

इ.स. १९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नातील वाग्नर-याउरेग यांच्या मनोविकार-चिकित्सालयात काही चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. त्यांच्या कागदांवर निरनिराळी निदाने लिहिलेली होती. कोणाला मेंदूच्या आवरणाचा दाह, कोणाला मल्टिपल स्क्लेरोसिस, कोणाला वातभ्रम. तेथे काम करणाऱ्या कॉन्स्टन्टिन फॉन इकोनोमो (१८७६-१९३१) यांना या सर्वांत एकच रोग दिसला. हे गृहस्थ रोमानियातील ब्रॅईला येथे ग्रीक कुटुंबात जन्मले, त्रिएस्ते येथे वाढले आणि व्हिएन्नात वैद्यक शिकले. विमान चालवण्याचा त्यांना विलक्षण नाद होता आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून कामही केले होते. १७ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी आपली निरीक्षणे व्हिएन्नातील सहकाऱ्यांपुढे मांडली आणि १० मे रोजी ती छापून आली. त्याच वसंतात फ्रान्समध्ये झाँ-रने क्रुशे यांनी सैनिकांमध्ये पाहिलेल्या अशाच दुखण्याची हकीकत प्रसिद्ध केली. प्रथम कोण, हा वाद पुढे बराच चालला. येथे तो बाजूला ठेवू.

इकोनोमोंच्या रुग्णांत दोन गोष्टी समान होत्या. एक म्हणजे झोप. ही बेशुद्धी नव्हे. हाक मारली, हलवले की रुग्ण जागा होई, विचारलेल्या प्रश्नाचे नीट उत्तर देई आणि पुन्हा झोपी जाई. कधी तोंडातला घास तोंडातच राही. दुसरी गोष्ट डोळ्यांची. पापण्या खाली ओघळत. रुग्णाला एकाच्या दोन वस्तू दिसत. दोन्ही बुबुळे एका दिशेने फिरत नसत. काहींची जवळचे पाहण्याची शक्ती जाई. पाहणाऱ्याला वाटे, झोप आली म्हणून पापण्या मिटत आहेत. परंतु रुग्ण पूर्ण जागा असतानाही त्या उघडत नसत, कारण पापणी उचलणाऱ्या स्नायूची नसच निकामी झाली होती. झोपाळू डोळे आणि झोप या दोन गोष्टी येथे वेगळ्या होत्या, आणि त्या वेगळ्या आहेत हे ओळखणे हीच निदानाची पहिली पायरी होती.

लंडनमध्ये १९१८ च्या वसंतात असेच रुग्ण दिसले तेव्हा तेथील डॉक्टरांना प्रथम संशय आला तो डबाबंद अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा, म्हणजे बॉट्युलिझमचा. युद्धकाळातले अन्न संशयास्पद होतेच, आणि त्या विषबाधेतही पापण्या पडतात, दोन-दोन दिसते. चिन्ह तेच, कारण निराळे. सरकारी चौकशी होऊन तो संशय फिटला आणि १ जानेवारी १९१९ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये या रोगाची नोंद देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. १९२४ हे तेथील सर्वांत वाईट वर्ष. त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यानंतर साथ हळूहळू ओसरली आणि १९३० नंतर नवे रुग्ण विरळ झाले.

३

झोप आणि डोळे ही जोडी काकतालीय नव्हती, आणि इकोनोमोंचे मोठेपण त्यांनी या जोडीला विचारलेल्या प्रश्नात आहे. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या तीन जोड नसा आहेत. त्यांपैकी दोन जोडांची मूळ केंद्रे मध्यमस्तिष्कात, मेंदूतील द्रव वाहून नेणाऱ्या एका अरुंद नलिकेच्या भोवती असलेल्या करड्या द्रव्यात असतात. मृत रुग्णांच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना दाह नेमका या भागात आणि त्याच्या थोडा वर आढळला. ज्यांना झोप आवरत नव्हती त्यांच्यात तो मध्यमस्तिष्क आणि हायपोथॅलॅमसचा मागचा भाग यांच्या सांध्यावर होता. मात्र काही रुग्ण याच्या उलट होते. त्यांना दिवसचे दिवस झोपच येत नसे आणि त्यांचे हातपाय सतत हलत. त्यांच्यात दाह हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात दिसला.

यावरून इकोनोमोंनी जो निष्कर्ष काढला तो त्या काळी धाडसाचा होता. झोप म्हणजे मेंदूचे नुसते थकणे नव्हे. जागे ठेवणारी एक जागा आहे आणि झोपवणारी दुसरी. डोळ्यांची केंद्रे शेजारी आहेत म्हणून शेजारच्या घराला लागलेली आग त्यांनाही लागते. हा विचार त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत मांडला. १९९० च्या दशकात हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील झोप आणणाऱ्या पेशींचा गट ओळखला गेला आणि १९९८ मध्ये मागच्या व बाजूच्या भागातील पेशींत तयार होणारे, जागे ठेवणारे ओरेक्सिन सापडले. तेव्हा त्यांचे अनुमान स्थूलमानाने बरोबर होते असे सिद्ध झाले. केवळ पडलेल्या पापणीकडे नीट पाहून माणसाने निद्रेच्या घराचा पत्ता काढला, असे म्हणता येईल.

या वाचनाचे वैशिष्ट्य आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. इकोनोमोंनी डोळ्यांना 'तुम्ही काय सुचवता?' असे विचारले नाही. 'तुम्ही कोठे आहात?' असे विचारले. त्यांच्या लेखी चिन्ह म्हणजे प्रथम एक स्थान होते.

४

मोठ्यांच्या बाबतीत हे वाचन पुरेसे ठरले. त्यांच्यात रोगाची पुढची अवस्था बहुधा कंपवाताची असे. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर, चाल अडखळती, कधी तासन्‌तास पुतळ्यासारखे निश्चल बसणे. मुलांच्या बाबतीत मात्र काही वेगळेच घडले.

मूल तापातून उठे. आईबाप सुटकेचा श्वास टाकत. नंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते रात्रभर जागू लागे, घरभर फिरे, ओरडे, आणि दिवसा शाळेच्या बाकावर झोपे. पूर्वी शांत आणि आज्ञाधारक असलेले मूल चोरी करी, खोटे बोले, धाकट्या भावंडांना चावे, जनावरांना छळे, अनोळखी माणसांच्या अंगाशी येई. बुद्धी बहुतांशी शाबूत असे. विशेष म्हणजे अनेक मुलांना आपण केले ते वाईट होते हे कळे. ती रडत, क्षमा मागत, आपल्याला आवरता येत नाही असे सांगत, आणि पुन्हा तेच करीत. मराठी आईने या मुलाविषयी जे म्हटले असते ते आपण जाणतोच: 'याचे डोळे फिरले.'

अशा मुलांचे करायचे काय? शाळा त्यांना काढून टाकीत. काही न्यायालयापुढे उभी राहिली. ज्या घरांत ती होती तेथे दुसऱ्या कोणाला झोप मिळत नसे. लंडनच्या उत्तरेस विंचमोर हिल येथील नॉर्दर्न हॉस्पिटलमध्ये १९२५ साली खास या मुलांसाठी शंभर खाटांचा विभाग उघडण्यात आला. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या आश्रयाने त्यांच्यासाठी निवासी शाळा चालवली गेली, आणि तेथील अनुभवावर अर्ल बाँड आणि केनेथ अ‍ॅपल यांनी १९३१ मध्ये पुस्तक लिहिले.

परंतु या प्रश्नाची सर्वांत बोलकी नोंद कायद्याच्या पुस्तकात आहे. इंग्लंडमध्ये १९१३ चा मतिमंदत्वविषयक कायदा होता. त्यानुसार ज्याचे वैगुण्य जन्मापासून किंवा अगदी लहान वयापासून आहे त्यालाच संस्थेत ठेवता येई. बारा वर्षांपर्यंत चांगला असलेला आणि तापानंतर बदललेला मुलगा या व्याख्येत बसत नव्हता. तो वेडा नव्हता, मंद नव्हता. आणि गुन्हेगार म्हणावे तर गुन्हा त्याचा नव्हता, तापाचा होता. म्हणून १९२७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. वैगुण्य उपजत असो की रोगाने वा इजेने आलेले असो, ते वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी उद्भवलेले असले म्हणजे पुरे, अशी नवी व्याख्या झाली. या दुरुस्तीमागे मुख्य निमित्त ही मुलेच होती.

त्या दुरुस्तीचे दोन अर्थ करता येतात. एका अर्थाने ती दयेची होती. मुलाचे वर्तन रोगाने बदलू शकते हे राज्यसंस्थेने मान्य केले. दुसऱ्या अर्थाने तिने संस्थेचे दार अधिक मुलांसाठी उघडले, आणि त्या दारातून आत गेलेली कित्येक मुले म्हातारी होईपर्यंत बाहेर आली नाहीत. 'दोष त्याचा नाही' या वाक्यापाठोपाठ 'म्हणून त्याला येथे ठेवू नका' हे वाक्यही येऊ शकते, याचा विसर पडू नये.

५

आता आपण त्या लक्षणाकडे येतो ज्यात वाक्प्रचार अक्षरशः खरा झाला. तीव्र आजार ओसरल्यावर, पुष्कळदा वर्षे लोटल्यावर, कंपवात जडलेल्या तरुण रुग्णांत एक विचित्र झटका दिसू लागला. त्याला ऑक्युलोगायरिक क्रायसिस म्हणतात. शब्दशः अर्थ, डोळे फिरण्याचे संकट. रुग्णाची बुबुळे एकाएकी वर, कधी वर आणि बाजूला, ओढली जात आणि तेथेच अडकून राहत. मान मागे झुके. रुग्ण प्रयत्नाने ती क्षणभर खाली आणी; लगेच ती पुन्हा वर जात. हे काही मिनिटे चाले, कधी काही तास. मोठ्या साथीची ही खूण इतकी खास होती की पुढे कोणाही कंपवाताच्या रुग्णात असा झटका दिसला, की त्याला पूर्वी हा मस्तिष्कदाह होऊन गेला असावा असे डॉक्टर धरून चालत.

नुसते डोळेच फिरत असते तर प्रश्न सोपा होता. पण झटक्याच्या वेळी रुग्णाच्या मनातही काही अडकून बसे. एखादा विचार, एखादा शब्द, एखादा आकडा पुन्हा पुन्हा येई. अनाकलनीय भीती वाटे. कोणाला मोजत राहण्याची सक्ती होई. झटका ओसरला की विचारही सुटे. आणि मनाचा क्षोभ झाला तर झटका लवकर येई. म्हणजे डोळ्यांचे फिरणे आणि मनाचे अडकणे यांची गाठ पडलेली होती.

येथे अर्थ लावणाऱ्यांना मोह पडला यात नवल नाही. न्यूयॉर्कचे स्मिथ इली जेलिफ (१८६६-१९४५) हे मज्जाविकारतज्ज्ञही होते आणि मनोविश्लेषकही. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९३२ मध्ये त्यांनी या झटक्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दाह मेंदूत आहे हे त्यांना मान्यच होते. परंतु डोळे ज्या रीतीने ओढले जातात तिच्यात त्यांनी मनातल्या संघर्षाचा, अपराधभावाचा अर्थ शोधला. माणूस नजर चुकवतो तेव्हा काही तरी लपवतो, हे आपल्या वाक्प्रचारातले गृहीतक त्यांच्या विवेचनात शास्त्रीय पोशाखात वावरताना दिसते.

जेलिफ यांची थट्टा करणे आज सोपे आहे. आम्ही ती करणार नाही, आणि त्याला कारण आहे. ज्या काळी हे रुग्ण संस्थांच्या मागच्या दालनांत ढकलले जात होते त्या काळी झटका चालू असताना रुग्णाच्या मनात काय चालले आहे हे विचारणारे आणि ते सविस्तर लिहून ठेवणारे ते एक होते. त्यांनी लावलेला अर्थ टिकला नाही, पण त्यांनी ऐकलेले टिकले. अशी पुस्तके साहित्याच्या इतिहासातही असतात: सिद्धान्त जुना होतो, निरीक्षणे ताजी राहतात.

६

अर्थ का टिकला नाही, याची कहाणी पुन्हा व्हिएन्नातूनच सुरू होते. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये ट्रेटियाकॉफ यांनी आपल्या प्रबंधात कंपवाताचा संबंध मध्यमस्तिष्कातील सब्स्टान्शिया नायग्रा या काळसर पट्ट्याशी जोडला होता, आणि या मस्तिष्कदाहातही तोच पट्टा झिजतो हे दाखवले होते. पण तो पट्टा करतो काय, हे ठाऊक नव्हते. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांत या जुन्या साथीतून वाचलेल्यांचेही मेंदू होते. त्या मेंदूंत डोपामिन हे द्रव्य जवळजवळ उरलेच नव्हते. शरीरात गेल्यावर ज्याचे डोपामिन बनते असे एल-डोपा हे औषध प्रथम व्हिएन्नात, आणि १९६७ नंतर मोठ्या मात्रेत अमेरिकेत, रुग्णांना देण्यात येऊ लागले.

डोपामिनचा आणि डोळे फिरण्याचा संबंध मात्र दुसऱ्याच वाटेने उघड झाला. १९५० च्या दशकात मनोविकारांवरची नवी औषधे आली. ती डोपामिनचे काम रोखतात. ती घेणाऱ्या काही तरुण रुग्णांचे डोळे अगदी त्याच रीतीने वर अडकू लागले. त्यांना कोणतीही साथ झालेली नव्हती. उलटी थांबवण्याच्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधानेही क्वचित असे होते, आणि त्याचा धोका मुलांना व तरुणांना अधिक असतो. आपल्याकडे असे मूल पाहून घरच्यांना बाहेरच्या बाधेची शंका यावी, हे अस्वाभाविक नाही. परंतु योग्य इंजेक्शन दिले की बहुधा काही मिनिटांत डोळे खाली येतात. ज्या नजरेत एका विद्वानाने अपराधाची गाथा वाचली होती, ती नजर एका इंजेक्शनने सुटते. जो अर्थ चिन्हाच्या मुळाशी आहे असे वाटत होते, तो मुळाशी नव्हता.

मग कथा येथेच संपते का? संपत नाही, आणि याचे श्रेय ऑलिव्हर सॅक्स (१९३३-२०१५) यांचे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका दीर्घकालीन रुग्णालयात त्यांना १९६६ पासून या साथीचे सुमारे ऐंशी वाचलेले रुग्ण भेटले. कित्येक जण दशकानुदशके निश्चल बसून होते. १९६९ मध्ये सॅक्स यांनी त्यांना एल-डोपा दिले. रुग्ण उठले, बोलले, चालले. आणि पुढे बहुतेकांना औषधाने नवे ताप दिले. त्यांपैकी वीस जणांच्या कहाण्या 'अवेकनिंग्ज' (१९७३) या पुस्तकात आहेत. सॅक्स यांनी रोझ आर. म्हटलेली स्त्री १९२६ मध्ये, एकविसाव्या वर्षी आजारी पडली होती. औषधाने ती जागी झाली ती १९२६ मध्येच. त्या वर्षाची माणसे, गाणी, गप्पा तिच्या तोंडी होत्या. आपण १९६९ मध्ये आहोत हे तिला ठाऊक होते, पण तिला ते जाणवत नव्हते. थोड्याच काळाने औषध तिला लागू पडेनासे झाले आणि ती पुन्हा आपल्या जुन्या स्तब्धतेत गेली.

सॅक्स यांनी जेलिफ यांना आदराने वाचले होते. पण त्यांची वाचनाची रीत निराळी आहे. जेलिफ विचारतात: हे डोळे कशामुळे फिरले असावेत, मनात काय दडले असेल? सॅक्स विचारतात: डोळे फिरलेल्या अवस्थेत जगणे कसे असते? पहिला प्रश्न कारणाचा आहे आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. दुसरा प्रश्न अनुभवाचा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही कुपीत नाही. हॅरॉल्ड पिंटर यांनी 'अवेकनिंग्ज'वरून स्फुरलेली 'अ काइंड ऑफ अलास्का' ही एकांकिका लिहिली. ती १९८२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये जुडी डेंच यांच्या भूमिकेसह झाली. सोळाव्या वर्षी थांबलेली आणि एकोणतीस वर्षांनी जागी झालेली डेबोरा तीत आहे. ती मध्यमवयीन देहातून सोळा वर्षांच्या मुलीसारखी बोलते. इंग्रजीच्या वर्गात ही एकांकिका शिकवताना तिला स्मृतीचे, काळाचे, स्त्रीच्या कोंडीचे रूपक म्हणून शिकवण्याचा प्रघात पडू शकतो. तसे वाचन चुकीचे नाही. पण डेबोरा आधी एका खऱ्या साथीतली खरी रुग्ण आहे हे सांगितल्याशिवाय रूपकाकडे वळणे म्हणजे विंचमोर हिलच्या त्या मुलांना पुन्हा एकदा चुकीचे वाचणे होय. सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये क्षय आणि कर्करोग यांच्या संदर्भात रोगाला रूपक करण्याविरुद्ध जो इशारा दिला, तो या विसरलेल्या रोगालाही लागू आहे.

७

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो प्रामाणिकपणे उघडा ठेवला पाहिजे. हा रोग झाला कशामुळे? साथीच्या काळात तो संसर्गानेच होतो असे सर्वसाधारणपणे मानले जाई, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाशी त्याचा संबंध अनेकांनी जोडला. परंतु इकोनोमोंचे पहिले रुग्ण त्या महासाथीच्या आधीचे होते. आणि जपून ठेवलेल्या मेंदूच्या ऊतींत अलीकडे शोध घेतला असता इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची खूण सापडली नाही. २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी याच धर्तीच्या वीस नव्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि अनेकांच्या रक्तात मेंदूच्या खोल भागांविरुद्ध काम करणारी प्रतिद्रव्ये आढळली. घशाच्या संसर्गाशी लढण्यासाठी सज्ज झालेले शरीर चुकून आपल्याच मेंदूवर उलटते, असा तर्क त्यातून पुढे आला. २००७ नंतर एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या प्रतिद्रव्यांनी होणारा मस्तिष्कदाह ओळखला गेला, आणि पूर्वी या जुन्या नावाखाली घातलेली काही मुले वस्तुतः त्याची रुग्ण होती असे दिसले. त्या रोगावर आज उपचार आहेत. साथीतल्या मूळ रोगाचे कारण मात्र अद्याप निश्चित झालेले नाही.

मेंदूचा संसर्ग आणि मुलांची हालचाल यांची गाठ केवळ परदेशातली नाही. आपल्या देशात जपानी मस्तिष्कदाहात तोच काळसर पट्टा जखमी होतो आणि त्यातून तरुण रुग्णांत कंपवातासारखी अवस्था येते, हे लखनौच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव १९६५ मध्ये एका विषाणूला मिळाले, आणि तो आजही लहान मुलांचे बळी घेतो. या रोगांतून वाचलेले मूल शाळेत परत येते तेव्हा त्याच्या समोर बसलेला पहिला वाचक डॉक्टर नसतो, शिक्षक असतो.

विंचमोर हिलचे जे रुग्णालय त्याचे नाव पुढे हायलँड्स झाले. १९२५ मध्ये मुले म्हणून आलेल्यांपैकी काही जण १९६९ मध्ये एल-डोपाचे प्रयोग झाले तेव्हाही त्या परिसरातच होते. सॅक्स यांनी तेथील रुग्णांची तुलना आपल्या ब्राँक्समधील रुग्णांशी केली आहे. रोग एकच, पण हायलँड्सचे रुग्ण कितीतरी अधिक हिंडतेफिरते आणि बोलके होते, असे त्यांना आढळले. तेथे मोकळी जागा होती, बागेत जाता येई, आणि माणसे त्यांना ओळखत होती. मेंदूतली जखम दोन्हीकडे सारखीच होती. तिच्याभोवतीचे जगणे मात्र सारखे नव्हते.

घरातली म्हातारी 'पोरानं डोळे फिरवले' असे ओरडते तेव्हा ती अर्थ लावत नाही. ती मुलाला उचलून मांडीवर घेते, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते आणि कोणाला तरी डॉक्टरांकडे पिटाळते. तिचे वाचन पूर्ण नाही. पण क्रम तिचा बरोबर आहे.